टेसचे आडनाव

थॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' या कादंबरीत नायिका दिसण्याआधी तिचे आडनाव येते. मे महिन्याच्या अखेरची संध्याकाळ आहे. जॉन डर्बीफिल्ड, किरकोळ खरेदी-विक्री करून पोट भरणारा एक गरीब माणूस, अंड्यांची रिकामी टोपली हातात अडकवून डळमळत्या पायांनी घराकडे चालला आहे. समोरून घोडीवर बसून पाद्री ट्रिंगहॅम येतात आणि जाता जाता त्याला 'सर जॉन' म्हणतात. मागच्या बाजाराच्या दिवशीही ते असेच म्हणाले होते. आज जॉनला राहवत नाही, तो कारण विचारतो. जुन्या घराण्यांच्या वंशावळी धुंडाळायचा पाद्रीबाबांना नाद आहे. ते सांगून टाकतात की डर्बीफिल्ड हे डर्बरव्हिल या सरदार घराण्याच्या नावाचे झिजलेले रूप आहे. विजेत्या विल्यमबरोबर नॉर्मंडीतून आलेला सर पेगन डर्बरव्हिल हा या घराण्याचा मूळ पुरुष, आणि जॉन त्याचा थेट वंशज.

यानंतरची प्रश्नोत्तरे म्हणजे सबंध कादंबरीचा गाभा. आमचे घराणे आता राहते कुठे, असे जॉन विचारतो. कुठेच नाही, असे उत्तर मिळते. मग पुरले आहे कुठे? किंग्जबिअरला, संगमरवरी छत्र्यांखाली, रांगेने. जमीन? नाही. वाडा? नाही. हे घराणे फक्त मेलेल्या अवस्थेत शिल्लक आहे आणि त्याचे एकमेव जिवंत ठिकाण म्हणजे रस्त्यात उभा असलेला हा टोपलीवाला. मग मी आता काय करू, असे त्याने विचारल्यावर पाद्रीबाबांकडे उत्तर नसते. काही नाही, असे सांगून ते घोडी पुढे हाकतात. संशोधकाचा एक शौक पुरा झाला. त्या शौकाची किंमत कोण मोजणार, हे पुढची सगळी प्रकरणे सांगतात.

हे आडनाव हार्डीने हवेतून काढलेले नव्हते. डॉर्सेट परगण्यातल्या बिअर रेजिस या गावी टर्बरव्हिल नावाचे घराणे खरोखर नांदत होते. तिथल्या चर्चची दक्षिण बाजू आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. खाली त्यांचे दफनघर आहे, वर त्यांच्या कुलचिन्हांनी भरलेली रंगीत काचेची खिडकी. हार्डीचा जन्म 1840 चा, त्याच परगण्यातल्या बॉकहॅम्प्टनचा. जॉन हचिन्स यांचा डॉर्सेटचा जाडजूड इतिहास त्याच्या नित्य हाताशी असे, आणि परगण्यातली अशी विझलेली घराणी त्याला तिथे पानोपानी भेटत. टर्बरव्हिलमध्ये त्याने किंचित फेरफार केला आणि बिअर रेजिसचे किंग्जबिअर केले.

खऱ्या टर्बरव्हिलांची माहिती घेऊन कादंबरी पुन्हा वाचली की ती अधिक खोल लागते, असा माझा अनुभव आहे. या दुर्मीळ आडनावाची माणसे इंग्लंडच्या इतिहासात थोडीच आहेत, पण एकाच साच्यातली मुळीच नाहीत. वेल्समधल्या कॉयटी किल्ल्याची दंतकथा मूळ पुरुषाबद्दल आहे. पेन द टर्बरव्हिल किल्ला मागायला आला तेव्हा तिथला वेल्श सरदार एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात मुलीचा हात धरून बाहेर आला. लढ, नाही तर हिच्याशी लग्न कर. पेनने मुलगी पत्करली आणि किल्ला मिळवला. म्हणजे या घराण्याच्या आरंभीच एक मुलगी आहे, दोन पुरुषांच्या सौद्यात पुढे केलेली. दोनशे वर्षांनी सर थॉमस द टर्बरव्हिल फ्रेंचांच्या कैदेत सापडला, सुटून आल्याचे सोंग करून परतला आणि राजा पहिल्या एडवर्डविरुद्ध हेरगिरी करू लागला. 1295 मध्ये लंडनमध्ये त्याला फासावर चढवले. सतराव्या शतकात एडवर्ड टर्बरव्हिलने खोट्या 'पोपिश' कटाच्या खटल्यात लॉर्ड स्टॅफर्डविरुद्ध साक्ष दिली, आणि स्टॅफर्डचे शिर गेले. जेम्स टर्बरव्हिल एक्झिटरचा बिशप होता. राणी पहिल्या एलिझाबेथच्या धर्मसत्तेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला आणि 1559 मध्ये पद सोडावे लागले तरी तो बधला नाही.

माझे मन रमते ते दोघांपाशी. पहिला कवी जॉर्ज टर्बरव्हिल. 1568 मध्ये तो इंग्रज वकिलातीचा चिटणीस म्हणून 'भयंकर' इव्हानच्या मॉस्कोत गेला आणि तिथून मित्रांना पद्यात पत्रे लिहिली. बहिरी ससाण्यांच्या शिकारीवर त्याचे पुस्तक आहे. पण त्याचे एक काम टेसच्या वाचकाला दचकवणारे आहे. ऑव्हिड या रोमन कवीच्या 'हेरॉइदेस'चे त्याने 1567 मध्ये इंग्रजीत भाषांतर केले. पुरुषांनी टाकून दिलेल्या, वाट पाहत राहिलेल्या पुराणकथांतल्या स्त्रियांनी लिहिलेली पत्रे, असे त्या काव्याचे स्वरूप आहे. दुसरा डॉबनी टर्बरव्हिल, सॉल्सबरीचा नेत्रवैद्य. रोजनिशी लिहिणारा सॅम्युएल पीप्स 1668 मध्ये डोळ्यांच्या त्रासाने हैराण होऊन त्याच्याकडे गेला होता. रुग्णाच्या डोळ्यात रुतलेला लोखंडाचा कण लोहचुंबकाने ओढून काढल्याची त्याची नोंद रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेली आहे.

मूळ पुरुष पेन सोडला, तर यांतले कोणीही हार्डीने कादंबरीत घेतलेले नाही. कवी नाही, बिशप नाही, डोळ्यांचा वैद्य नाही. त्याने घेतले ते फक्त चिलखत घातलेले सरदार, तेही थडग्यावर आडवे पडलेले. मला ही निवड फार महत्त्वाची वाटते. बोलणारा, लिहिणारा, कोणाचे डोळे बरे करणारा पूर्वज हाती आला असता, तर टेसला पाठीराखा मिळाला असता. हार्डीला पाठीराखा द्यायचा नव्हता. पूर्वज म्हणून त्याला दगड हवे होते, मुके आणि हाक मारून न उठणारे.

आडनाव कळल्याबरोबर घरात काय होते ते पाहण्यासारखे आहे. जॉन रस्त्याकडेच्या गवतात ऐसपैस पसरतो आणि एका पोराला गाडी आणायला पिटाळतो, कारण सर जॉनने पायी घरी जाणे शोभत नाही. त्या रात्री तो इतका पितो की पहाटे मधाच्या पोळ्यांची गाडी बाजाराला न्यायला उठू शकत नाही. टेस धाकट्या भावाला घेऊन निघते, तिचा डोळा लागतो, समोरून आलेल्या टपालगाडीचा दांडा त्यांच्या घोड्याच्या छातीत घुसतो. घरातला एकुलता कमावता प्राणी मरतो, टेस स्वतःला दोषी ठरवते आणि म्हणूनच 'नातेवाइकांकडे' जायला तयार होते. पाद्रीबाबांच्या सहज बोलण्यापासून घोड्याच्या मरणापर्यंत मध्ये एकच रात्र. हार्डीवर योगायोगांचा आरोप नेहमी होतो. इथे मात्र कारणांची साखळी इतकी साधी आहे की ती तुटावी असे वाटूनही कुठे तुटत नाही.

ते नातेवाईक तरी कोण? सायमन स्टोक नावाचा उत्तरेकडचा व्यापारी. काही जण म्हणत, सावकार. पैसा झाल्यावर दक्षिणेत येऊन खानदानी म्हणून राहायचे त्याने ठरवले. ब्रिटिश म्युझियममध्ये बसून नष्ट आणि अर्धनष्ट घराण्यांच्या पुस्तकांवरून त्याने तासभर नजर फिरवली, डर्बरव्हिल हे नाव कानाला बरे वाटले, ते उचलले. ॲलेक हा त्याचा मुलगा. ज्या घराला टेस आपले मूळ समजून जाते, तिथे रक्ताचा एक थेंबही डर्बरव्हिलांचा नाही. इकडे जॉन तर तरुण नातेवाइकाला सरदारकी विकायला निघतो. हजार पौंडांपासून सुरुवात करून तो शंभर, पन्नास असे उतरत वीस पौंडांवर येतो आणि घराण्याची अब्रू म्हणजे अब्रू, याहून एक पेनी कमी घेणार नाही म्हणून बजावतो. प्रसंग विनोदी आहे, पण हसू फार टिकत नाही, कारण त्याच वेळी मुलगी गाडीत बसून निघाली आहे.

आता हार्डीचे कसब जिथे सर्वांत बारीक आहे त्या जागेकडे येतो. टेस टॅल्बोथेजच्या गोठ्यावर धारा काढायचे काम करते आहे. अँजेल क्लेअर हा पाद्र्याचा सुशिक्षित मुलगा तिच्या प्रेमात आहे. जुन्या घराण्यांचा आपल्याला तिटकारा आहे, असे त्याने सगळ्यांना सांगून ठेवले आहे. पावसाळी संध्याकाळी दोघे दुधाचे हंडे घेऊन रेल्वे स्टेशनाकडे जातात. लग्नाला होकार देण्याआधी टेसला ॲलेकबरोबरचा आपला भूतकाळ सांगायचा आहे. ती सुरुवात करते, जीभ अडखळते, आणि खऱ्या गोष्टीच्या जागी ती दुसरीच गोष्ट सांगते: आपण डर्बीफिल्ड नसून डर्बरव्हिल आहोत. कबुली द्यायला निघालेल्या तोंडून आडनाव बाहेर पडते. एवढ्याचसाठी तू बेचैन होतीस, म्हणून अँजेलला हायसे वाटते. मग त्याचे तत्त्वज्ञान किती पातळ आहे ते दिसते. तो खूश होतो. जग खानदानाला मान देते, आईलाही सून बरी वाटेल, आजपासून तू नाव मूळ रूपात लिहायला हवे, असे म्हणू लागतो. टेस म्हणते, मला दुसरेच बरे वाटते. त्यावर तो बोलून जातो की नवश्रीमंत माणसे असल्या नावासाठी काय वाटेल ते करतील, चेस नावाच्या जंगलाच्या बाजूला एकाने हे नाव लावलेच आहे, माझ्या वडिलांशी भांडला होता तोच.

गाडीच्या त्या अरुंद बैठकीवर आता तिसरा माणूस येऊन बसला आहे आणि अँजेलला त्याचा पत्ता नाही. हे नाव अशुभ असावे, मला ते नको, असे टेस म्हणते. अँजेल हसत हसत तोडगा काढतो की मग माझे नाव घे, म्हणजे तुझ्या नावातून सुटशील. ती होकार देते ती इथे. प्रेमाची मागणी म्हणून हा प्रसंग कोवळा आहे, आणि त्याच शब्दांत फास आवळला जातो आहे. जे सांगायचे होते ते राहिले आणि जे सांगितले ते पुढे तिच्यावरच उलटणार आहे.

ते उलटते लग्नाच्या रात्री. वेलब्रिजचा जुना वाडा अँजेलने हौसेने निवडला आहे, कारण तो एके काळी डर्बरव्हिलांचा होता. जिन्याच्या वर भिंतीत बसवलेली दोन स्त्रियांची जुनी चित्रे आहेत, एक कपटी चेहऱ्याची, दुसरी उद्दाम. वूल गावच्या खऱ्या वाड्यातही टर्बरव्हिल स्त्रियांची अशी दोन चित्रे होती, हार्डीने ती तिथूनच घेतली. टेसने सगळे सांगितल्यावर अँजेल जे बोलतो त्यात घराण्याचा उल्लेख सर्वांत क्रूर आहे. खंगलेल्या घराण्यांत मनोबळही खंगलेलेच असते, तुझे कूळ मला सांगून तू तुझा तिरस्कार करायला आणखी एक कारण दिलेस, असा त्याचा सूर. काही आठवड्यांपूर्वी त्याच कुळाने त्याला हर्ष झाला होता. टेसचे उत्तर साधे आहे. अशी घराणी आमच्याकडे पुष्कळ आहेत, माझ्यासोबत धारा काढणाऱ्या रेटीचे आहे, गाडी हाकणारे डेबीहाउस एके काळी द बेयो होते. आमच्या भागाचेच हे असे आहे, त्याला मी काय करू? सबंध कादंबरीत वंशाबद्दल इतके शहाणे दुसरे कोणी बोललेले नाही. नंतर तिच्या खोलीकडे जायला निघालेला अँजेल दारावरचे चित्र पाहून थबकतो. चित्रातल्या बाईत त्याला टेस दिसते आणि तो परत फिरतो. दोनशे वर्षांपूर्वीचा रंगवलेला चेहरा एका जिवंत बाईच्या दारावर पहारा देतो. पुढे टेसला सोडून ब्राझीलला गेलेल्या अँजेलला तिथे आजारपण भोगल्यावर पुन्हा त्या पुरातन कुळाचे आकर्षण वाटू लागते. तीन वेळा मत बदलले. टेस तीनही वेळा तीच होती.

इथे हार्डीशी थोडा वाद घालावासा वाटतो. तो स्वतःही वंशाच्या कल्पनेपासून पुरता मोकळा नाही. टेस ॲलेकच्या तोंडावर जाड कातडी हातमोजा मारते तेव्हा हार्डीला तिच्या शस्त्रधारी पूर्वजांची सवय आठवते. चेसच्या जंगलात तिच्यावर अतिप्रसंग होतो तेव्हा तो म्हणतो की तिच्या चिलखतधारी पूर्वजांनी लढाईवरून परतताना शेतकऱ्यांच्या मुलींशी हेच केले असेल. पण लगेच पुढे तो हा हिशेब झिडकारतो. बापजाद्यांचे पाप लेकरांवर लादणे देवांना चालत असेल, साध्या माणसाला ते पटत नाही. मला वाटते, वंशदोषाची छाया त्याला वातावरणासाठी हवी होती. न्यायाचा प्रश्न आला की तो ठामपणे टेसच्या बाजूला येतो. कादंबरीचे उपशीर्षक तिला निष्कलंक स्त्री म्हणते, ते उगीच नाही. गोठ्याचा मालक क्रिक परगण्यातल्या बुडालेल्या घराण्यांची यादी सांगतो त्यात एक नाव हार्डी हेही आहे. लेखकाने स्वतःच्या घराण्याची वंशावळ जुळवली होती आणि ते उतरणीला लागलेले कूळ आहे असे तो मानत असे. जुन्या नावाची भूल त्याला आतून माहीत होती, म्हणूनच जॉन त्याने हास्यास्पद केला तरी तुच्छ केला नाही.

टेसला स्वतःला हे सगळे नको होते. अँजेल तिला इतिहास शिकवू पाहतो तेव्हा ती नाही म्हणते. आपल्यासारखीच कोणीतरी पूर्वी होऊन गेली, आपण नुसत्या लांब रांगेतल्या एक, आपणही तेच करणार, हे कळून काय मिळणार, असे तिचे म्हणणे. पुढे टाकलेली बायको म्हणून ती अँजेलला पत्रे लिहिते. 'हेरॉइदेस'मधल्या स्त्रियांच्या रांगेत ती नकळत जाऊन उभी राहते, आणि ती रांग इंग्रजीत आणणाऱ्या माणसाचे आडनाव टर्बरव्हिल होते. तिच्या पत्रांखाली आडनाव नाही. विनवणीच्या दीर्घ पत्राखाली फक्त टेस आहे. अन्यायाने संतापून घाईत खरडलेल्या शेवटच्या चिठ्ठीखाली एकच अक्षर आहे.

जॉन मरतो तेव्हा आणखी एक कडवे सत्य उघडे पडते. घराचा पट्टा तीन हयातींचा होता आणि जॉन ही तिसरी हयात. बाप गेला की छप्पर गेले. बिऱ्हाड गाडीवर घालून आई मुलांना घेऊन किंग्जबिअरला जाते, ठरवलेल्या खोल्या दुसऱ्यांना गेलेल्या असतात, आणि चर्चच्या भिंतीला लागून, पूर्वजांच्या खिडकीखाली, खाट मांडावी लागते. पूर्वजांच्या गावी वंशजांना जागा मिळते ती भिंतीबाहेर. आत गेलेली टेस थडग्यांमध्ये हिंडते. एका थडग्यावर आडवी पडलेली आकृती हलते, तो ॲलेक असतो. खोटा डर्बरव्हिल खऱ्यांच्या जागी झोपलेला, आणि या सगळ्या दगडी रांगेपेक्षा मीच तुझ्या अधिक कामाचा, असे तिला सांगणारा. व्यवहारात ते खरे आहे, यातच त्या प्रसंगाची भीषणता आहे.

म्हणूनच सँडबर्नचा प्रसंग इतका लागतो. पश्चात्तापाने परतलेला अँजेल त्या समुद्रकाठच्या गावात बायकोला शोधतो आहे. क्लेअर नावाचे कोणी नाही, डर्बीफिल्डही नाही. पण एका बंगल्यात डर्बरव्हिल नावाचे बिऱ्हाड उतरले आहे, असे टपालवाला सांगतो, आणि अँजेलला आनंद होतो. तिने अखेर आपले मूळ नाव धरले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ती तिथे ॲलेकची बाई म्हणून राहते आहे आणि नाव आहे म्युझियममधून उचललेले. तिच्या रक्तातले नाव तिला प्रथमच लागते ते चोराकडून उसने आलेले. हार्डी इथे एक शब्दही भाष्याचा खर्च करत नाही.

शेवट विंटनसेस्टरला, म्हणजे विंचेस्टरला, जिथे ॲलेकच्या खुनाबद्दल टेसला फाशी होते. टेकडीवरून अँजेल आणि टेसची बहीण लिझा-लू खालचे शहर पाहतात. हार्डी एकेक इमारत सांगत जातो, त्यात कॉलेजचा मनोराही आहे. बिशप जेम्स आणि कवी जॉर्ज हे दोन टर्बरव्हिल त्याच कॉलेजात शिकले. मग तुरुंगावर काळे निशाण चढते. टेसच्या मृत्यूबद्दलचे त्या शेवटच्या परिच्छेदातले देवांच्या खेळाचे वाक्य समीक्षकांनी शंभर वर्षे उद्धृत केले आहे. त्याला लागूनच दुसरे वाक्य आहे, थडग्यांत निजलेल्या आणि काहीही न कळलेल्या डर्बरव्हिल सरदारांचे आणि त्यांच्या स्त्रियांचे. पहिल्या वाक्यात फक्त टेस आहे, दुसऱ्यात फक्त डर्बरव्हिल. मुखपृष्ठावर हार्डीने जी दोन नावे जोडून लिहिली होती, ती इथे त्याने पूर्णविराम देऊन वेगळी केली आहेत.